‘नाही’ सांगायला उंब्रजला

विश्रामबागेत आमच्या मागच्या गल्लीत विनोदिनी ताम्हनकर राहतात. सकाळच्या एसटीसाठी त्या जवळजवळ पळतच निघतात, आणि तरीही वाटेत कुणी काही विचारलं तर थांबून नीट उत्तर देतात. गल्लीत त्यांची ओळख एवढीच. कृष्णाकाठच्या एका लहान नगरपालिकेत आस्थापना विभागाच्या त्या मुख्य लिपिक आहेत. आस्थापना म्हणजे भरती, बदल्या, रजा, निवृत्ती. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण या हकिकतीत पालिकेची एक चूक आहे आणि ती आता निस्तरून झाली आहे. ही हकिकत मी थोडी विनोदिनीताईंकडून ऐकली आणि उरलेली उंब्रजला लालासाहेब डुबलांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून.

ताईंचा धाकटा भाऊ अनीश. डिप्लोमा झाल्यावर एका सरकारी कार्यालयात त्याची मुलाखत चांगली झाली. “लवकरच कळवू,” असं साहेबांनी हसून सांगितलं. त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं होतं, ते घरच्यांनी विचार करून सोडलं. सरकारी नोकरी हातात आल्यासारखीच होती. मग रोज दुपारी पोस्टमनची वाट बघणं सुरू झालं. अनीश कुठे परगावी जाईना, दुसरीकडे अर्ज करीना. वर्ष उलटल्यावर कुणाच्या तरी लग्नात कळलं, की ते पदच रद्द झालं होतं, मुलाखतीनंतर महिन्याभरातच. कुणी खोटं बोललं नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. अनीश आता मिरजेत पंपांचं दुकान चालवतो, त्याचं उत्तम चाललंय. पण ताई म्हणतात, “त्याचं ते वर्ष कुणी खाल्लं असं विचारलं, तर मी बोट तरी कुणाकडे दाखवू?”

ताईंची आस्थापना विभागात बदली झाली तेव्हा तिथे एक ठरावीक उत्तर टाइप करून ठेवलेलं होतं. ‘आपल्या अर्जाबाबत कार्यवाही सुरू असून यथावकाश कळविण्यात येईल.’ निवड झालेल्यांना आदेश जायचा, बाकीच्यांना हे ‘यथावकाश’. पुष्कळांना तेही नाही. ताईंनी ते उत्तर बंद केलं आणि स्वतःच्या भाषेत नवं लिहिलं. तुमची निवड झालेली नाही. तुम्हाला लेखी परीक्षेत इतके गुण, मैदानी चाचणीत इतके. शेवटच्या निवड झालेल्या उमेदवाराचे इतके. प्रतीक्षा यादी एक वर्ष चालेल आणि त्यात तुमचा नंबर अमुक आहे. काही विचारायचं असेल तर दुपारी तीननंतर या, नाहीतर फोन करा. खाली त्यांचं नाव आणि कार्यालयातल्या त्यांच्या टेबलावरच्या फोनचा नंबर.

मुख्याधिकारी ऋषिराज घोरपडे वयाने तिशीचे, कामाला चोख, पण कागदाला बिचकणारे. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं.

“मॅडम, ज्यांना घेतलं नाही त्यांना कळवायलाच पाहिजे असं नियमात कुठे आहे?”

“कळवू नका असंही नाही, साहेब.”

“लेखी दिलं की लोक कोर्टात जातात.”

“काही कळत नाही म्हणून जातात. आपले गुण कळले, दुसऱ्याचे कळले, की निम्मे लोक गप्प घरी जातात.”

“आणि उरलेले निम्मे?”

“ते माझ्या टेबलाशी येतात. शिव्या देतात, चहा पितात, जातात.”

साहेब हसले आणि त्यांनी सही केली. मनातून मात्र त्यांना ते पटलं नव्हतं, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं.

मग पालिकेची अग्निशमन दलाची भरती निघाली. करारावरच्या मोजक्याच जागा, आणि अर्ज कडेगाव-पलूसपासून कराड-पाटणपर्यंतचे. मैदानी चाचणीच्या दिवशी उन्हाचा नुसता भडका उडालेला होता. खांद्यावर पाण्याचा पाइप घेऊन धावायचं, दोरावर चढायचं, वाळूचं पोतं उचलून न्यायचं. आणि ज्या बंबावर शेवटची चाचणी होती, तो बंबच वाटेत बंद पडला. मुलं-मुली मैदानात ताटकळली. मांडवातले कर्मचारी कुणाच्या नजरेला नजर देईनात. कुणी म्हणालं, चाचणीच रद्द होणार. कुणी म्हणालं, आतल्या आत माणसं ठरली आहेत, हा नुसता देखावा आहे. घोषणाबाजी सुरू होणार एवढ्यात ताईंनी माइक हातात घेतला.

“बंब बंद पडलाय. मेकॅनिक आलाय, पण तासभर तरी लागेल. चाचणी आजच होईल. ज्यांना जेवायचं असेल त्यांनी सावलीत बसून जेवून घ्या, कुणाचा नंबर जाणार नाही. पाण्याचा टँकर शाळेच्या मागे उभा आहे. अर्ध्या तासानं मी परत येऊन सांगते काय झालं ते.”

अर्ध्या तासाने त्या आल्या आणि म्हणाल्या, “अजून झालेला नाही.” पोरं हसली. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्या गर्दीत कुंडलची रेश्मा लाड होती, वडील कृष्णात यांच्याबरोबर लिंबाच्या सावलीत भाकरी खात बसलेली. घरचा ऊस, घरात कुणी नोकरीत नाही, आणि या पोरीने हट्टाने फायरमनचा कोर्स केलेला. उंब्रजचा वीरधवल डुबलही होता. उंचापुरा, कबड्डीचा खेळाडू, फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदाराचा मुलगा. दोघांनी एकमेकांना पाहिलंही नसेल.

चाचणी त्याच दिवशी पार पडली आणि पुढे निकाल लागला. ताईंच्या आग्रहामुळे प्रत्येकाचे प्रत्येक बाबीचे गुण यादीत छापले होते आणि यादी दारावर लावली होती. शेवटच्या जागेवर वीरधवलचं नाव आलं. प्रतीक्षा यादीत पहिली रेश्मा. फरक एका गुणाचा.

संध्याकाळी उंब्रजला गुलाल उडाला. दुसऱ्या दिवशी चौकात वीरधवलचा हसरा फोटो असलेला फ्लेक्स लागला.

दोन दिवसांनी दुपारी रेश्मा ताईंच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मागे कृष्णात, हातात टोपी.

“मॅडम, मी भांडाय न्हाई आले. इचाराय आले.”

“विचार ना. बस आधी.”

“जाहिरातीत लिव्हलंय, एनसीसी न्हाईतर खेळ, दोनातल्या एकाचंच गुण मिळनार. यादीत त्या डुबलांना दोन्हीचं धरल्यात. का बरं?”

कृष्णात मध्येच म्हणाले, “आवं, म्या तिला म्हनलं, ऱ्हाऊ दे. वरच्या लोकांचं काय तरी असंल.”

“वरच्या लोकांचं काही नाही, काका. मी तुमच्यासमोरच बघते.”

ताईंनी फाइल काढली, पान उलटलं आणि त्यांचा हात थांबला. दोन्ही प्रमाणपत्रं जोडलेली होती, दोन्हीचे गुण धरले होते, बेरीज बरोबर होती. खाली तपासणाऱ्याची सही होती, आणि ती त्यांचीच होती.

“तुझं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “चूक झालेली दिसतेय. माझ्या नजरेतून सुटली.”

“मंजी माझं हुईल का?”

“ते आत्ता सांगितलं तर ते खोटं होईल. हे मला साहेबांपुढे ठेवलं पाहिजे. परवा संध्याकाळपर्यंत मी तुला फोन करते. तोवर काही ठरलं नाही, तरीसुद्धा फोन करीन.”

बाप-लेक उठले. दारापर्यंत जाऊन कृष्णात परत आले आणि म्हणाले, “बाई, आमी कचेरीतनं लय येळा हात हालवत गेलोय. पर ‘चूक झाली’ म्हनलेलं आजच ऐकलं.”

ऋषिराज घोरपड्यांनी कपाळाला हात लावला. “बघा! म्हणून मी म्हणत होतो, सगळे गुण छापू नका. छापले नसते तर हे निघालंच नसतं.”

“निघालं नसतं, साहेब. पण झालं तर असतंच.”

साहेबांनी एक वाट सुचवून पाहिली. वीरधवलला राहू द्यावं, बिचाऱ्याच्या गावात गुलाल उडालाय. दलातला एक जण पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, तेव्हा रेश्माला घेता येईल. सगळेच खूश.

“पुढच्या वर्षी ती जागा भरायला मंजुरी मिळेल, हे तुम्ही मला लिहून देता?” ताईंनी विचारलं.

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. ते भले गृहस्थ होते, अडचणीतून सुटायला बघत होते एवढंच. “ठीक आहे,” ते म्हणाले. “शुद्धिपत्रक काढा. उद्या दारावर लावा.”

“लावते. पण संध्याकाळी. सकाळी मला उंब्रजला जाऊन येऊ द्या. फोटोसकट फ्लेक्स लागलाय त्या मुलाचा. त्यानं ही बातमी मोबाइलवर दुसऱ्याच्या स्टेटसमधून वाचायची का?”

“फोन करा की.”

“चांगली बातमी असती तर फोन केला असता.”

दुसऱ्या दिवशी ताई कराडला उतरल्या, तिथून दुसरी गाडी धरली. उंब्रजला हायवेलगत उतरल्या तर समोरच तो फ्लेक्स. ‘अग्निशमन दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ ताई मला म्हणाल्या, “खरं सांगू? परतीची गाडी पलीकडेच उभी होती. रस्ता ओलांडला असता आणि बसले असते, तर कुणाला कळलंही नसतं.”

त्यांनी एका दुकानात डुबलांचं घर विचारलं.

सोप्यात वीरधवलचे वडील लालासाहेब डुबल बसले होते. पालिकेतून मॅडम आल्यात म्हटल्यावर ते ताडकन उठले. त्यांना वाटलं, नेमणुकीचा आदेशच घेऊन आल्या. “अरं वीर, भाईर ये! आये, पेढं आन!” लालासाहेबांची आई रंगूबाई ताटली घेऊन आली. वीरधवल ओल्या केसांनीच बाहेर आला.

ताईंनी ताटलीला हात लावला नाही. “पेढा नंतर घेईन, आजी. आधी मला बोलू द्या. मी वाईट बातमी घेऊन आलेय.” आणि मग त्यांनी काही आडवळण न घेता सांगितलं. दोनपैकी एकाच प्रमाणपत्राचे गुण धरायचे होते, आमच्याकडून दोन्हीचे धरले गेले. बरोबर हिशेब केल्यावर वीरधवल एका जागेनं खाली येतो. त्याची निवड रद्द होतेय. प्रतीक्षा यादीत तो पहिला असेल.

लालासाहेबांचा चेहरा तांबडालाल झाला. “कुनाचं घेऊन आलाय तुमी? कुनाची पोरगी बसवायचीय तितं?”

“कुणाचं काही घेतलेलं नाही.”

“मग झालेली निवड अशी रद्द हुती व्हय? आमी काय येडं हाय? बाई, मी फौजेत होतो. तितं असली चूक केली अस्ती तर…”

“तिथं शिक्षा झाली असती. इथंही होईल. ती चूक माझी आहे, सही माझी आहे. म्हणूनच मी आलेय, दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही.”

आवाज ऐकून शेजारची माणसं दाराशी जमली. कुणी म्हणालं, बाईला जाऊ देऊ नका, पत्रकाराला बोलवा. कुणी म्हणालं, कोर्टात खेचा. ताई म्हणाल्या, “कोर्टात जायचा तुम्हाला हक्क आहे. कुठला कागद मागायचा आणि कुणाकडे, ते मी सांगते.” आणि खरोखरच सांगितलं. अपील कुणाकडे करायचं, मुदत किती, सोबत काय जोडायचं, सगळं. या बाईशी भांडण कुठून धरावं हेच दाराशी जमलेल्यांना कळेना.

एवढा वेळ वीरधवल खांबाला टेकून उभा होता. त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“मॅडम, माझं काय चुकलं?”

“काही नाही. तू दोन्ही प्रमाणपत्रं जोडलीस, ती दोन्ही खरी आहेत. जोडू नका असं जाहिरातीत नव्हतं. गुण आम्ही चुकीचे दिले.”

“पर गावात काय म्हनतील? फ्लेक्स लावला आनि निवड गेली. म्हनतील, पोरानं खोटी सर्टिफिकेटं लावली, सापडला. उद्या दुसरीकडं मुलाखतीला गेलो तर तितंबी इचारतील. त्येचं काय?”

लालासाहेब खाली बसले. नोकरी गेल्यापेक्षा पोराला ही टोचणी मोठी आहे, हे बापालाही तेव्हाच कळलं असावं.

ताई म्हणाल्या, “हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. थांब.”

त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि तिथेच, घोंगडीवर बसून, मांडीवर पिशवी ठेवून लिहिलं. श्री. वीरधवल लालासाहेब डुबल यांनी सादर केलेली सर्व कागदपत्रे खरी व योग्य आहेत. गुण देताना झालेली चूक कार्यालयाची आहे. तिच्याशी उमेदवाराचा काहीही संबंध नाही. त्यांना झालेल्या मनस्तापाबद्दल कार्यालय दिलगीर आहे. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

“यावर आज माझी सही आहे. साहेबांच्या सहीचं आणि शिक्क्याचं उद्या आणून देते.”

लालासाहेबांनी विचारलं, “तुमचं सायेब अशी सही करत्याल?”

“मागून बघते. नाही केली, तर तेही तुम्हाला कळवीन.”

तेव्हा रंगूबाई आतून परत आली. या खेपेला हातात कप होता. “आता तरी च्या घ्या,” ती म्हणाली. “लांबनं आलाय. वंगाळ सांगाय येनारं मानूस आमी पयल्यांदाच बघतोय, न्हाईतर सगळी पेढंच खायाय येत्यात.” ताईंनी चहा घेतला. निम्मा बशीत सांडला, असं मला लालासाहेबांनी सांगितलं. ताईंनी नव्हतं सांगितलं.

ऋषिराज घोरपड्यांनी तो कागद दोनदा वाचला. ‘दिलगीर’ या शब्दापाशी पेन टेकवून ते बसून राहिले. कार्यालय दिलगीर असतं असं त्यांच्या नोकरीत त्यांनी कुठल्याच कागदावर पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सही केली आणि विचारलं, “मॅडम, तिथं तुम्हाला काही बोलले का लोक?”

“बोलले. बरोबरच बोलले.”

संध्याकाळी शुद्धिपत्रक दारावर लागलं आणि ठरल्याप्रमाणे कुंडलला फोन गेला. रेश्माने ती बातमी आधी ओरडून वडिलांना सांगितली. मग ती म्हणाली, “मॅडम, त्या उंब्रजच्या पोराला लय वाईट वाटलं असंल न्हाई?” ताईंनी तिला खरं तेच सांगितलं. वाटलं, पण त्यात तुझा काही दोष नाही, तू विचारलंस ते बरोबर केलंस.

लालासाहेबांनी चौकातला फ्लेक्स स्वतः उतरवला. ते शिक्क्याचं पत्र त्यांनी तालमीत सगळ्या पोरांसमोर वाचून दाखवलं आणि नंतर कुणी वाकडं बोललं तर खिशातून काढून पुढे करायचे. अपील त्यांनी केलं नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाले, “बाईनं समदं सांगिटलं हुतं गड्या. अपिलात आनि काय निघनार हुतं?”

ताईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती काढण्यावाचून साहेबांना गत्यंतर नव्हतं. ताईंनी उत्तर दिलं ते असं: गुण तपासून सही मी केली, दोन्ही गुण धरले गेल्याचे माझ्या लक्षात आले नाही, सबब सांगण्यासारखी नाही. सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली. इतक्या वर्षांच्या नोकरीतली ती पहिलीच. त्या नोंदीचं त्यांना वाईट वाटतं का, असं मी विचारलं. “वाटतं तर,” त्या म्हणाल्या. “का नाही वाटणार?” आणि भाजी निवडत राहिल्या.

पुढे बदली होऊन जाण्याआधी घोरपडे साहेबांनी एक कार्यालयीन आदेश काढला. भरतीतल्या प्रत्येक उमेदवाराला, निवड होवो न होवो, गुणांसह कळवायचं आणि कळवणाऱ्याचं नाव खाली घालायचं. गुणांची तपासणी आता दोघांनी वेगवेगळी करायची, ही भर ताईंनी स्वतःहून त्यात टाकून घेतली.

रेश्मा दलात रुजू झाली. उसाच्या फडाला लागलेली आग विझवायला पहिल्यांदा गेली, तेव्हा परत आल्यावर काजळीनं माखलेल्या तोंडानंच आस्थापना विभागाच्या दारात ताईंसमोर उभी राहिली. ताईंनी तिला आधी तोंड धुवायला पाठवलं.

वीरधवलला ताई अधूनमधून फोन करत. सांगण्यासारखं काही नसलं तरी करत. “अजून जागा निघालेली नाही. निघेल असंही दिसत नाही. दुसरीकडे काही मिळत असेल तर घे, इथली वाट बघत बसू नकोस.” सुरुवातीला तो हूं म्हणून फोन ठेवायचा. नंतर स्वतःहून सांगू लागला, कुठे अर्ज केलाय, कुठे मुलाखत झाली. एका मुलाखतीत त्याला जुन्या निवडीबद्दल विचारलंच. त्याने पत्र पुढे ठेवलं. समोरच्या साहेबांनी ते वाचून शेजारच्याला दिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, आगीच्या बंदोबस्ताच्या पथकात, त्याला कायम नोकरी लागली. त्या दुपारी त्याने ताईंना फोन केला.

“मॅडम, लागली नोकरी. घरी सांगितलं आनि लगेच तुमास्नी.”

ताईंना खूप आनंद झाला. आजीला सांग, आता पेढा खायला येते, म्हणाल्या.

“अजून एक काम हुतं. तुमच्या यादीत माझं नाव हाय न्हवं, ते काढा. माझ्या खाली जो कोन आसंल तो उगं माझ्यामागं थांबलाय. आनि दुसऱ्या दोन कंपन्यांत मुलाखत दिली हुती, त्यास्नीबी कळवलं, मी येत न्हाई म्हनून.”

नुसतं तोंडी सांगून नाव निघत नाही, दोन ओळी लिहून पाठव, असं ताईंनी त्याला सांगितलं. त्याने तेवढ्यातच मोबाइलवरून पाठवल्या. ताईंनी त्या छापून फाइलला लावल्या, यादीतला पुढचा नंबर काढला आणि फोन लावला. तिकडे एका मुलीने उचलला.

“नमस्कार, मी पालिकेतून विनोदिनी ताम्हनकर बोलतेय. आधी नीट ऐक हं, ही नोकरी लागल्याची बातमी नाही. प्रतीक्षा यादीत तू एक जागा वर आलीस, एवढंच सांगायचंय. यादी संपायला आता थोडेच दिवस उरलेत, तेव्हा फार आशा धरू नकोस. सध्या काय करतेस तू?”